उपासनेची भाषा शाळेच्या दारात ठरते

नाताळच्या आठवड्यात आमचे सगळे कुटुंब नगरला जमते. सरकारदरबारी शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण ऐंशी ओलांडलेल्या आत्याच्या तोंडी ते नगरच आहे आणि तिच्या घरात तिचाच शब्द चालतो. करंज्या-शंकरपाळ्यांच्या ताटाभोवती वर्षभराच्या बातम्या निघतात आणि त्यांचा क्रमही ठरून गेलेला आहे. आधी नोकऱ्या: कोणी सहकारी बँक सोडून हिंजवडीतल्या कंपनीत गेले, कोणाची मुलगी नर्सिंग करून आखातात लागली, कोणाला कंपनीने ऐन पन्नाशीत घरी बसवले. मग शाळा: कोणाच्या नातवाला कुठे प्रवेश मिळाला, देणगी किती मोजावी लागली. आणि शेवटी मंडळी: पाळकसाहेब बदलले का, पंचांत कोण निवडून आले, संडे स्कूलला मुले किती येतात. यंदा गाडी तिसऱ्या विषयावर आली आणि तिथेच अडली. पुण्यातल्या आमच्या मंडळीत महिन्यातून दोन रविवारी उपासना इंग्रजीत घ्यावी, असा प्रस्ताव तरुण संघाने मांडला आहे. थोरले काका म्हणाले, “आपली मराठी मंडळी आहे. ज्यांना इंग्रजी हवी त्यांनी कॅम्पात जावे.” चुलतभावाची सतरा वर्षांची मुलगी म्हणाली, “आजोबा, देवाला सगळ्या भाषा कळतात.” पुढचे दोन तास ही दोनच वाक्ये निरनिराळ्या तोंडांतून, चढत्या आवाजात, फिरून फिरून ऐकू येत राहिली.

हा वाद आमच्याच घरचा असता तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. पुणे, नगर, नाशिक, मुंबई, जिथे जिथे मराठी ख्रिस्ती मंडळ्या आहेत, तिथे तो याच दोन वाक्यांत घातला जातो, आणि म्हणूनच तो सुटत नाही. माझे म्हणणे असे की दोन्ही बाजू चुकीच्या जागी उभ्या राहून भांडत आहेत. उपासनेची भाषा पंचांच्या बैठकीत ठरत नसते. ती बारा-पंधरा वर्षांपूर्वी ज्युनिअर केजीच्या प्रवेशअर्जावर ठरून गेलेली असते, आणि तो अर्ज कोणत्या शाळेचा असेल हे त्याआधी आईवडिलांच्या नोकरीने ठरवलेले असते. मराठी मंडळीची उपासना मराठीतच राहावी, या मताचा मी आहे. पण मुलांना मराठी वाचायला शिकवण्याची जबाबदारी जे वडीलधारे घेणार नाहीत, त्यांना त्या मुलांकडून मराठी उपासनेची अपेक्षा ठेवण्याचा हक्क नाही, असेही माझे तितकेच ठाम मत आहे.

देवाला सगळ्या भाषा कळतात, हे विधान खरे आहे आणि या प्रश्नात निरुपयोगी आहे. देवाला काय कळते हा मुद्दाच नव्हता. बाकावर बसलेल्या माणसाला काय कळते हा मुद्दा होता. करिंथच्या मंडळीला लिहिताना पौलाने हीच कसोटी लावली: अनोळखी भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजून बोललेले पाच शब्द त्याला मोलाचे वाटले. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेचा अर्धा जोर याच कसोटीवर होता. रोमन कॅथलिक परंपरेने तिला सावकाश, पण शेवटी मान दिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला आणि लोकभाषांना मोठे दार उघडले. वसईच्या चर्चमधून पिढ्यान् पिढ्या लॅटिनमध्ये झालेली मिस्सा त्यानंतर मराठीत होऊ लागली. तेव्हा लॅटिन न कळणाऱ्या आजीला कोणी “देवाला लॅटिन कळते” असे सांगून गप्प बसवले असते, तर ते आज आपल्याला हास्यास्पदच वाटले असते.

मात्र ही कसोटी एकदा मान्य केली की ती काकांच्या बाजूलाही लावावी लागते, आणि तिथे ती फार बोचते. माझी ही पुतणी घरी मराठी बोलते, आजीशी भांडते मराठीत, विनोद मराठीत करते. पण उपासनेचे गीतपुस्तक हातात आले की तिचे डोळे पानावरून घसरतात. जोडाक्षर आले की ती थांबते, तोवर मंडळी पुढच्या कडव्यावर गेलेली असते. हल्ली पडद्यावर गीताचे शब्द दाखवतात तेही कित्येक ठिकाणी रोमन लिपीत. त्यात पाप काही नाही. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे मराठी काव्य ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातल्या राशोलला छापले गेले तेही रोमन अक्षरांतच. पण रोमन अक्षरांत मराठी गाणाऱ्या मुलाला शास्त्रपाठ वाचायला पुढे बोलावता येत नाही, कारण शास्त्र देवनागरीत आहे. मग पाठ वाचायला नेहमी तेच पाच-सहा पांढऱ्या केसांचे लोक उठतात, आणि तरुण पिढी उपासनेत प्रेक्षक होते. त्यावर ‘नीतिमान ठरणे’, ‘प्रायश्चित्त’, ‘मध्यस्थी’ असे शब्द कोणी समजावून न सांगता कानांवर पडत राहतात. अशा मुलीने इंग्रजी उपासना मागितली तर तिने मराठीशी द्रोह केला असे म्हणायचे, की तिच्यापुरती आपली मराठीच लॅटिन झाली आहे हे कबूल करायचे?

काकांच्या पिढीला मराठी उपासना ही अनादी काळापासून चालत आलेली ठेव वाटते. तशी ती नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले, १८३१ साली नगरला त्यांचे ठाणे झाले आणि १८४२ साली त्यांचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. तरी पुढची कित्येक वर्षे मंडळीत गायली जाणारी बरीच गीते परदेशी चालींवर बेतलेली, शब्दांना ओढूनताणून बसवलेली भाषांतरे होती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढच्या चोवीस वर्षांत, म्हणजे १९१९ साली त्यांचे निधन होईपर्यंत, या मंडळीच्या तोंडी अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन दिले. आज जे ‘आपले जुने गीत’ म्हणून डोळे मिटून गायले जाते ते एके काळी नवे होते, आणि देवळातल्या चाली चर्चमध्ये कशाला, असे म्हणणारेही तेव्हा असणारच. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिमिशनमध्ये बसून अखेरची कितीतरी वर्षे बायबलच्या नव्या मराठी भाषांतरासाठी दिली आणि १९२२ साली मृत्यूच्या आधी ते पुरे केले. रूढ भाषांतराची मराठी साध्यासुध्या बायकांना जड जाते, म्हणून त्यांनी ही मेहनत घेतली. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकलेली, संस्कृतात पंडिता म्हणून गौरवलेली ही बाई सोप्या मराठीसाठी झिजली. मराठी उपासनेचा वारसा सांगणाऱ्यांनी हा झिजण्याचा भागही सांगितला पाहिजे. टिळकांची गीते वर्षानुवर्षे त्याच क्रमाने म्हणत राहणे म्हणजे टिळकांचा वारसा चालवणे नव्हे.

आता मूळ गाठीकडे येतो. आमचे पणजोबा राहुरीकडच्या एका खेड्यात मिशनचे मास्तर होते. सोमवार ते शनिवार ज्या खोलीत ते मुलांना बाराखडी आणि पाढे शिकवत, त्याच खोलीत रविवारी ते उपासना चालवत. ही काही आमच्या घरची अपूर्वाई नव्हे. नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या खेड्यापाड्यांत मास्तर आणि उपदेशक हा बहुधा एकच माणूस असे, आणि शाळा व चर्च ही एकच इमारत. म्हणजे नोकरी, शाळा आणि उपासना हे तीन विषय त्यांच्या घरात तीन नव्हतेच. पगार देणारा, अक्षर शिकवणारा आणि प्रार्थना सांगणारा हात एकच होता, आणि तिन्हींची भाषा मराठी होती. आजोबांच्या पिढीत नोकरी बाजूला झाली: कोणी रेल्वेत गेले, कोणी पोस्टात, आजी मिशनच्या दवाखान्यात परिचारिका झाली. आमच्या पिढीत शाळा बाजूला झाली. आता पुतण्यांच्या पिढीत उपासना बाजूला होते आहे आणि आपण दचकलो आहोत, जणू पहिल्या दोन तुटण्यांशी तिचा काही संबंधच नव्हता. ज्या काकांनी तिन्ही मुलांना इंग्रजी माध्यमात घातले आणि मुलाखतीच्या सरावासाठी घरात वर्षभर इंग्रजीतच बोलायचा नियम केला, त्यांनीच आता नातीला “मराठीची लाज वाटते का?” असे विचारावे, यात मला अन्याय दिसतो.

काकांना तेव्हा इंग्रजी माध्यम का हवे होते, याचे उत्तर मात्र हलक्यात घेण्यासारखे नाही. माझ्या विरोधातला सर्वांत भक्कम मुद्दा तोच आहे. नगर-औरंगाबाद पट्ट्यातली आमची बहुसंख्य ख्रिस्ती घरे ज्या जातींतून आली त्यांना गावात पाणवठ्यावर जागा नव्हती, शाळेत तर नव्हतीच. मिशनची शाळा ही त्यांच्यासाठी पहिली शिडी होती आणि इंग्रजी ही दुसरी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले, पण ख्रिस्ती झालेले दलित आजही त्या यादीबाहेर आहेत. त्याच गल्लीतला, त्याच पूर्वजांचा, तोच अपमान वारशाने मिळालेला शेजारी राखीव जागेवर सरकारी नोकरीला लागू शकतो आणि ख्रिस्ती घरातला मुलगा त्या जागेसाठी अर्जही करू शकत नाही. अशा घराला खाजगी नोकरीखेरीज वाट कोणती, आणि खाजगी नोकरीच्या दारावर कोणती भाषा विचारली जाते? सावित्रीबाई फुले यांनी आपल्या कवितेत इंग्रजीला माऊली म्हटले, ते उगाच नाही. त्यांनी नगरला मिस फरार यांच्या शाळेत अध्यापनाचे धडे घेतले असे त्यांच्या चरित्रांतून येते, म्हणजे हा धागा आमच्याच गावातून जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही ६ मे २०१४ रोजी, कर्नाटकातल्या प्रकरणात, प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा आहे आणि सरकार मातृभाषा लादू शकत नाही, असा निर्वाळा दिला. पणजोबांनी मिशनच्या शाळेत पाऊल टाकले तेव्हा गावाने त्यांनाही “आपले सोडून परक्याचे धरले” असेच म्हटले होते. मग इंग्रजी शाळा धरणाऱ्या आईला आज तेच वाक्य ऐकवण्याचा अधिकार आम्हाला कुठून आला?

इतके मान्य करूनही मी माझ्या जागी का उभा आहे, ते सांगतो. मुलाला इंग्रजी माध्यमात घालणे ही एक गोष्ट आणि त्याच्या हातून मराठी अक्षर काढून घेणे ही दुसरी. पहिलीतून दुसरी आपोआप निघत नाही. आपण ती हलगर्जीपणाने निघू देतो. सावित्रीबाईंनी इंग्रजीला माऊली म्हटले ते मराठी कवितेत, आणि हे त्यांना विसंगत वाटले नाही. शिडी चढण्यासाठी खालचे घर पाडावे लागते, असे त्यांच्या पिढीतल्या कोणी मानले नव्हते. हे घर पडले की काय होते, याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही.

मुंबई बेट, साष्टी, ठाणे आणि वसई या भागांतला मूळचा कॅथलिक समाज शेती, मासेमारी आणि मिठागरांवर जगणारा, मराठीच्या बोली बोलणारा. एकोणिसाव्या शतकात गोव्याहून पुष्कळ कॅथलिक लोक मुंबईत नोकऱ्यांसाठी येऊ लागले. दोघांची आडनावे पोर्तुगीज, दोघांची चर्चे एक. सरकार आणि कंपन्यांच्या नोकऱ्यांत आपण इथले, आपण ब्रिटिशांची जुनी प्रजा, हे ठसवण्यासाठी या स्थानिक समाजातल्या पुढाऱ्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. नोकरीसाठी एका समाजाने आपले नावच नवे केले! त्यात मला गैर काही दिसत नाही. पोटाचा प्रश्न होता. पण त्या वाटेने पुढे वांद्रे आणि आसपासच्या गावठाणांत इंग्रजी हळूहळू शाळेतून घरात आणि घरातून प्रार्थनेत आली, आणि आजीची बोली लग्नातल्या गाण्यांपुरती उरली. आज त्याच समाजातले तरुण ती गाणी, त्या म्हणी, ते मसाल्यांचे शब्द धडपडून गोळा करत आहेत. त्याच मूळच्या समाजाचा वसईतला भाग मात्र मराठीत राहिला. तिथल्या धर्मग्रामांनी मराठी शाळा चालवल्या, ‘सुवार्ता’सारखे मासिक चालवले, तिथल्या सामवेदी ख्रिस्ती घरांत कादोडी बोली आणि चर्चमध्ये प्रमाण मराठी असा दुहेरी संसार मांडला, आणि त्या मातीतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा लेखक २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदापर्यंत गेला. वसईकर काही दरिद्री राहिले नाहीत. लोकलने मुंबईला जाऊन त्यांनी त्याच नोकऱ्या केल्या. फरक पगारात पडला नाही. फरक पडला तो रविवारी हातात धरायच्या पुस्तकात. (वसईतही आता इंग्रजी माध्यमाची लाट जोरात आहे, त्यामुळे हे उदाहरण आणखी तीस वर्षांनी देता येईल की नाही, कोण जाणे.)

दिब्रिटो यांच्या निवडीचा उल्लेख आला म्हणून काकांच्या बाजूचा आणखी एक मुद्दा. त्यांच्या निवडीवर काही जणांनी धर्मावरून आक्षेप घेतला होता, हे काका विसरलेले नाहीत. “आपण मराठी सोडली की हे लोक म्हणायला मोकळे, पाहा, हे परकेच होते,” असे ते म्हणतात. ही भीती मला समजते. ‘तुम्ही घरी इंग्रजीच बोलता ना?’ हा प्रश्न मीही शाळेपासून ऐकत आलो आहे. पण लोकांना पुरावा दाखवण्यासाठी कोणी प्रार्थना करत नसते, आणि ज्याला पुरावा हवाच आहे त्याचे समाधान चारशे वर्षांपूर्वीच्या ख्रिस्तपुराणानेही होत नाही. मराठी उपासना टिकवायची तर ती आपल्या आत्यासाठी आणि पुतणीसाठी. शेजाऱ्याच्या प्रमाणपत्रासाठी नव्हे.

आत्याचा विषय निघाला की तरुण संघाच्या प्रस्तावातली खरी अडचण दिसते. महिन्यातले दोन रविवार इंग्रजीत झाले तर त्या दोन रविवारी आत्याने काय करायचे? आमच्या मंडळीत धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या बायका आहेत, नगर-बीडकडून बांधकामावर आलेली कुटुंबे आहेत, सातवीनंतर शाळा सोडलेले रिक्षावाले आहेत. उपासना ही आठवड्यातली एकच जागा अशी आहे जिथे हिंजवडीतला अभियंता आणि त्याच्या सोसायटीत झाडू मारणारी बाई एका बाकावर बसतात आणि एकच वाक्य एकदम म्हणतात. भाषा बदलली की हा बाक मधोमध चिरतो, आणि चीर पडते ती नेमकी पगाराच्या रेषेवर. दुसऱ्या बाजूला, इंग्रजीत उपासना ज्याला हवी त्याला पुण्यात वाण कधीच नव्हती. कॅम्पातले सेंट मेरीज चर्च १८२५ सालचे आहे, आणि आता वाकड-बाणेरकडे भाड्याच्या सभागृहांत गिटार-ढोलाच्या साथीने भरणाऱ्या संगती तर पावलोपावली आहेत. केरळ, आंध्र, नागालँडहून नोकरीसाठी आलेल्या लोकांची ती खरी गरज आहे आणि त्यांच्यासाठी आमच्या इमारतीत संध्याकाळी स्वतंत्र इंग्रजी उपासना सुरू करायला माझा पाठिंबा आहे. पण मराठी उपासना कमी करून तिच्या जागी इंग्रजी आणणे हा दरवाजा रुंद करण्याचा प्रकार नाही. एकाला आत घेण्यासाठी दुसऱ्याला बाहेर काढणे आहे. आणि नोकरी बदलली की ही मुले शहरही बदलतात. त्यांच्या सोयीसाठी बदललेली उपासना ती गेल्यावर कोण करणार?

या सगळ्यात मंडळीच्या शाळा चालवणाऱ्या संस्थांचे नाव कोणी घेत नाही, ते घ्यायला हवे. ज्या शाळेत मी शिकलो तिच्या आवारात मराठी आणि इंग्रजी अशी दोन माध्यमे होती. मराठी माध्यमाचे छप्पर गळत राहिले, रिकाम्या झालेल्या शिक्षकांच्या जागा रिकाम्याच राहिल्या, पट घसरला म्हणून तुकड्या कमी केल्या, आणि तुकड्या कमी झाल्या म्हणून पट आणखी घसरला. अखेर एका उन्हाळ्यात ते माध्यम बंद झाले आणि त्याच खोल्यांना रंग लावून इंग्रजी माध्यमाचे वर्ग भरले. संस्थेचे पदाधिकारी म्हणाले, पालकांनाच मराठी नको आहे. अर्धे खरे होते. पण जी शाळा आपण स्वतः उपाशी ठेवली तिच्याविषयी पालकांचे मत विचारणे ही कसली परीक्षा? संविधानाच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला, तो आपली भाषा आणि संस्कृती जपता यावी म्हणून दिलेल्या २९ व्या कलमाच्या शेजारी बसून. शेजारचे कलम वाचायचे नाही आणि आपल्यापुरते तेवढे धरून ठेवायचे, ही सवय वाईट आहे. अशा संस्थेच्या विश्वस्तांनी रविवारी मराठी उपासनेच्या रक्षणावर भाषण करावे, हे ऐकताना मला बाकावर चुळबुळ करावी लागते.

मग करायचे काय? बंद झालेली मराठी माध्यमे परत उभी राहतील, अशा भाबड्या आशेवर मी नाही. मला वेल्सचे उदाहरण आठवते. तिथल्या लोकांकडे १५८८ पासून स्वतःच्या भाषेतले बायबल होते. अठराव्या शतकात ग्रिफिथ जोन्स या धर्मोपदेशकाने गावोगावी फिरत्या शाळा काढून शेतकऱ्यांना तीन-तीन महिन्यांत वेल्श बायबल वाचायला शिकवले. पुढे बाला गावच्या टॉमस चार्ल्सने ते काम संडे स्कूलकडे आणले. एकोणिसाव्या शतकात आठवड्याच्या शाळेत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षेची पाटी अडकवली जात होती, त्या काळातही रविवारच्या शाळेत मुले आणि म्हातारे एका बाकावर बसून वेल्श वाचत होते. नोकरी इंग्रजीत, दिवसाची शाळा इंग्रजीत, आणि अक्षर मात्र चर्चने जपलेले. संडे स्कूलचा जन्मच मुळी वाचायला शिकवण्यासाठी झाला होता: १७८० साली ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सने ती काढली ती सहा दिवस राबणाऱ्या मुलांना सातव्या दिवशी अक्षर मिळावे म्हणून. आमच्या संडे स्कूलमध्ये आज चित्रे रंगवतात, इंग्रजी गाण्यावर हातवारे करतात आणि बिस्किटे वाटतात. तेही असावे, पण ही मूळ कामगिरी कधी सुटून गेली, ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

वेल्सची गोष्ट अर्धीच सांगितली तर ती फसवी होईल. चर्चने अक्षर जपले तरी भाषा पुरती वाचली नाही. १९०१ साली तिथले निम्मे लोक वेल्श बोलत. २०२१ च्या जनगणनेत ते प्रमाण १७.८ टक्के भरले. कोळसा आणि पोलादाच्या धंद्यावर बाहेरून माणसे आली, घरातले बोलणे बदलले, आणि विसाव्या शतकात ती प्रार्थनामंदिरेच रिकामी होत गेली. जिथे सावरणे झाले तिथे ते १९३९ साली अॅबरिस्टविथला निघालेल्या वेल्श माध्यमाच्या प्राथमिक शाळेसारख्या शाळांमुळे झाले. म्हणजे संडे स्कूल हा शाळेला पर्याय नाही. पण आमचा प्रश्न तितका अवघडही नाही. आमच्या मुलांना मराठी बोलता येते, समजते. अडते ते वाचनापाशी. बोलता येणाऱ्या मुलाला वाचायला शिकवणे हे नवी भाषा शिकवण्याच्या मानाने फार थोडे काम आहे. ग्रिफिथ जोन्सच्या शेतकऱ्यांना जे एका हिवाळ्यात जमले ते बाराखडी ऐकून मोठ्या झालेल्या मुलांना जमू नये?

यावर काका म्हणाले की शाळेत मराठी विषय आहेच, २०२० च्या कायद्याने तो सगळ्या मंडळांच्या शाळांना सक्तीचा केला आहे. आहे खरा. पण तो गुणांसाठी आहे. परीक्षा झाली की पुस्तक रद्दीत. मुलाला वाचावेसे वाटेल असे निमित्त शाळा देऊ शकली नाही. ते मंडळीकडे आहे: अमुक रविवारी शास्त्रपाठ तू वाचायचा, दोनशे माणसांसमोर, तुझ्या आजीच्या देखत. मी तरुण संघापुढे आणि पंचांपुढे एकच मसुदा ठेवला आहे. उपासना मराठीतच राहील. तिच्यातले जड शब्द पाळकसाहेब दर रविवारी एकेक करून समजावून सांगतील. तिमाहीतून एक नवे गीत तरुण संघाने मराठीत लिहून चालीत बसवायचे. संडे स्कूलची चाळीस मिनिटे मराठी वाचनाला द्यायची. आणि वर्षभर हे केल्यावरही ज्या मुलांना मराठीत उपासना परकी वाटेल त्यांचा इंग्रजीचा प्रस्ताव पुन्हा मतदानाला घ्यायचा, तेव्हा मी विरोधात बोलणार नाही.

पुतणीने मसुदा दोनदा वाचला, म्हणजे मी मोठ्याने वाचून दाखवला, आणि म्हणाली, “गीत लिहायचे कलम चांगले आहे.” काका थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, “हे सगळे शिकवणार कोण? माणसे कुठे आहेत?” मी पुढच्याच रविवारी चर्चमध्ये बसल्या बसल्या मोजली. बंद पडलेल्या मराठी शाळांतून निवृत्त झालेल्या बाई आमच्या पहिल्या दोन बाकांवरच चार आहेत.